वळणारा केस आणि उलटा वस्तरा

दाढी केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जबड्याखाली आणि गळ्यावर बारीक, टणक पुळ्या उठतात. खाजतात, दुखतात, एखादीत पू धरतो, आणि बसल्या तरी मागे काळा डाग ठेवून जातात. मुळशी तालुक्यात हा त्रास असलेला माणूस आधी सलूनवाल्याला विचारतो, मग मेडिकलवाल्याला, आणि सगळं करून दमला की डॉक्टरांना. तिघं तीन कारणं सांगतात. सलूनवाला म्हणतो, ‘कातडी नाजूक आहे तुमची.’ मेडिकलवाला म्हणतो, ‘इन्फेक्शन आहे.’ डॉक्टर म्हणतात, ‘केस आत वळलाय.’ यातलं डॉक्टरांचं म्हणणं खरं, यावर आता फारसं दुमत उरलेलं नाही. मतभेद आहेत ते पुढच्या प्रश्नावर: केस आत वळू नये म्हणून करायचं काय?

या त्रासावरचं बहुतेक संशोधन आफ्रिकी वंशाच्या पुरुषांवर, त्यातही अमेरिकेत झालेलं आहे. तरीही त्याचा आढावा मुळशीत बसून घ्यायला सबळ कारण आहे. लवळ्याच्या टेकडीवर सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आहे, शेजारी फ्लेम विद्यापीठ आहे. आफ्रिकी देशांतून शिकायला येणारी मुलं पुण्याला नवी नाहीत. हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क याच तालुक्यात येतं आणि तिथल्या फाटकांवर, स्वागतकक्षांत, हॉटेलांत गुळगुळीत दाढी हा अजूनही नोकरीचा भाग समजला जातो. पौड-पिरंगुटकडची पोरं पोलीस भरतीच्या तयारीला लागतात, त्यांच्यातही कुरळ्या, राठ दाढीची पोरं भरपूर. केसाची वळण्याची खोड वंशावर जास्त-कमी होते, पण एका वंशापुरती राहत नाही.

केस आत का जातो

सरळ केसाचं मूळ कातडीत साधारण सरळ उभं असतं. कुरळ्या केसाचं मूळच वाकडं असतं, आणि केसाचा छेद गोल नसून चपटा असतो. असा केस पात्याने तिरका कापला की त्याला सुईसारखं टोक येतं. वाढताना तो आपल्या वळणाने खाली झुकतो आणि दोन मार्गांनी घात करतो. पहिल्यात तो छिद्रातून नीट बाहेर येतो, एक-दोन मिलिमीटर वाढतो आणि जवळच पुन्हा कातडीत शिरतो. दुसऱ्यात तो बाहेर येतच नाही. दाढी इतकी घोटून केलेली असते की कापलेलं टोक कातडीच्या पातळीखाली जातं आणि वाढताना छिद्राची भिंत फोडून आतल्या आतच घुसतं. दोन्ही वेळा शरीर त्या केसाला परका समजतं आणि त्याच्याभोवती सूज उभी करतं. बोटात मोडलेल्या काट्याभोवती व्हावं तसंच हे, फक्त काटा आपल्याच घरचा.

म्हणूनच या विकाराच्या वैद्यकीय नावात ‘स्युडो’ लागतं: स्युडोफॉलिक्युलायटिस बार्बी. म्हणजे केसाच्या मुळाच्या जंतुसंसर्गासारखा दिसणारा, पण मुळात जंतुसंसर्ग नसलेला. खाजवून पुढे जंतू शिरतात तो भाग निराळा. ही मांडणी पक्की झाली ती १९५६ मध्ये, स्ट्रॉस आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचातज्ज्ञांच्या निबंधाने. हेच अल्बर्ट क्लिगमन फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या, बहुतांशी कृष्णवर्णीय, कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे पुढे बदनाम झाले. त्वचाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव मानाने येतं तेव्हा ही बाजूही आठवलेली बरी.

२००४ मध्ये या चित्रात आनुवंशिकतेची भर पडली. केसाच्या मुळाभोवतीच्या एका थरात असणाऱ्या केराटिन प्रथिनाच्या जनुकातला एक छोटा बदल ज्यांच्यात आढळतो, त्यांना हा त्रास होण्याचा संभव सुमारे सहापट असतो, असं एका अभ्यासात दिसलं. सारख्याच कुरळ्या दाढीच्या दोन भावांपैकी एकालाच पुळ्या का येतात, याचं हे अर्धंमुर्धं उत्तर. सगळं उत्तर त्यात नाही. वळण आणि वस्तरा हे दोन मुख्य आरोपी तसेच राहतात.

किती जणांना होतो? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी ४५ ते ८३ टक्के, असा आकडा वैद्यकीय लेखनात वर्षानुवर्षं एकमेकांच्या हवाल्याने फिरतो आहे. एवढा रुंद पल्ला असलेल्या आकड्याचा अर्थ मी तरी ‘पुष्कळ’ एवढाच घेतो.

खुर्चीवर काय घडतं

आता सलूनच्या खुर्चीकडे येऊ, कारण प्रतिबंधाच्या वादातला प्रत्येक मुद्दा तिथे पाच-सात मिनिटांत डोळ्यांसमोर घडतो. कारागीर गालावर पाण्याचा फवारा मारतो, क्रीम लावून ब्रशने फेस काढतो. नवं ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात बसवतो, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो. डाव्या अंगठ्याने कातडी वर ताणून धरतो आणि केसाच्या दिशेने पहिला हात फिरवतो. मग पुन्हा फेस, आणि तो नेहमीचा प्रश्न: ‘उलटी मारू?’ गिऱ्हाईक मान हलवतं. दुसरा हात केसाच्या विरुद्ध, गळ्यावर खालून वर. मग तुरटीचा ओला खडा, पाणी, आफ्टरशेव्ह, थोडी पावडर.

यातलं बरोबर काय आणि चूक काय, यावर त्वचातज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. अर्धं नवं ब्लेड ही उत्तम गोष्ट. रक्तातून पसरणाऱ्या आजारांच्या धास्तीने पट्ट्यावर घासून धार लावायचा जुना वस्तरा मागे पडला आणि हे बदलतं ब्लेड आलं. त्याने धार ताजी राहते आणि पातं एकच असतं. केसाच्या दिशेने पहिला हात, हेही बरोबर. फवाऱ्याचं पाणी मात्र कमी पडतं. राठ केस चांगला भिजायला दोन-तीन मिनिटं लागतात, कोमट पाण्याने लवकर भिजतो, आणि भिजलेला केस कमी जोरात कापला जातो. मुळशीतल्या नव्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं. त्यात फेस धरत नाही, हे घरी दाढी करणाऱ्याला कुणी सांगायला नको.

खरी गडबड कातडी ताणण्यात आणि उलट्या हातात आहे. ताणलेल्या कातडीवर केस कापला आणि अंगठा सोडला की कापलेलं टोक कातडीखाली दडतं. उलट्या हातात ते आणखी खाली जातं. हात फिरवल्यावर गाल लोण्यासारखा लागतो तो यामुळेच, आणि ज्याचा केस वळणारा आहे त्याच्या पुळ्यांची पेरणीही याच क्षणी होते. पण कारागिराचं कसब मोजायचं ते हात फिरवूनच! उलटी न मारता सोडलेली दाढी गिऱ्हाइकाला अर्धवट वाटते. त्यामुळे ‘उलटी नको’ हे कारागिराला नाही, गिऱ्हाइकाला पटवावं लागतं.

तुरटीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. ती आकुंचन करणारी आणि थोडीफार जंतुरोधक आहे, बारीक कापल्याचं रक्त थांबवते. आत वळणाऱ्या केसाला मात्र ती रोखू शकत नाही. गिऱ्हाइकागणिक तोच खडा फिरत असेल तर ती न लावलेली बरी.

एक पातं की पाच

इथपर्यंत एकमत, इथून पुढे फाटे फुटतात.

१९७१ मध्ये जिलेटने दोन पात्यांचं ट्रॅक टू आणलं. १९९८ च्या मॅक थ्रीमध्ये तीन पाती झाली, २००६ च्या फ्यूजनमध्ये पाच. यामागचं तत्त्व असं की पहिलं पातं केसाला धरून किंचित वर ओढतं आणि तो खाली जाण्याआधी मागचं पातं त्याला आणखी खोल कापतं. जाहिरातीत जो गुण, तोच वळणाऱ्या केसाला दोष. म्हणून जुन्या पिढीचे त्वचातज्ज्ञ एकाच पात्याचा आग्रह धरतात. २०१३ मध्ये अमेरिकेत ट्रिस्टन वॉकर यांनी कृष्णवर्णीय पुरुषांसाठी ‘बेव्हल’ नावाचा एका पात्याचा संच बाजारात आणला तो याच तर्कावर. पुढे २०१८ मध्ये जिलेटची मालक असलेल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलनेच ती कंपनी विकत घेतली.

दुसरी बाजू म्हणते, तर्क ठीक आहे, पुरावा दाखवा. २०१३ मध्येच आफ्रिकी-अमेरिकी पुरुषांवर बारा आठवड्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दाढीच्या आधी-नंतरची काळजी नीट घेऊन रोज अनेक पात्यांच्या रेझरने दाढी केली तरी पुळ्या वाढल्या नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. या अभ्यासात रेझर बनवणाऱ्या कंपनीचा सहभाग होता. एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, पण ते लक्षात ठेवून वाचायला हवा. त्यातला एक मुद्दा विचार करण्यासारखा आहे. रोज दाढी केली तर केसाला बाहेर येऊन वळून पुन्हा शिरायला लांबीच मिळत नाही, म्हणजे पहिला मार्ग बंद होतो. दुसरा, आतल्या आत भिंत फोडण्याचा मार्ग मात्र उघडाच राहतो. जुना सल्ला होता दोन-तीन दिवसांआड दाढी करण्याचा, नवा सल्ला म्हणतो रोज करा पण घोटून नको. कुणाला कोणता लागू पडेल हे त्याच्या पुळ्या कोणत्या मार्गाने येतात यावर ठरत असावं, असं माझं वाचनावरून झालेलं मत.

आपल्याकडे हा वाद खिशाने बराचसा सोडवून टाकला आहे. जिलेटने २०१० मध्ये खास भारतासाठी ‘गार्ड’ हा एका पात्याचा रेझर आणला, दांडा पंधरा रुपयांना आणि कार्ट्रिज पाच रुपयांना. कमी पाण्यात, बरेच दिवस वाढलेली दाढी करणाऱ्या माणसासाठी तो बनवला होता, आणि पात्यापुढे कातडी दाबून धरणारी फणी होती. वळणाऱ्या केसाचा विचार करून तो बनवलेला नव्हता, तरी अमेरिकेत वेगळे पैसे मोजून घ्यावी लागणारी गोष्ट पौडच्या किराणा दुकानात माळेवर लटकलेली मिळते.

तिसरा तोडगा ट्रिमरचा. यात पातं कातडीला लागतच नाही. अर्धा ते एक मिलिमीटर खुंट राहतो. सर्व पक्षांना मान्य असलेला हा जवळजवळ एकमेव उपाय. अट एकच, ट्रिमर कातडीवर दाबून ‘झिरो’ मारायचा नाही. आणि चेहऱ्यावर दिसणारा तो खुंट साहेबाला चालला पाहिजे.

हेच झिरो मशीन मानेच्या मागे फार खाली फिरवलं की काही जणांच्या मानेवर कायमच्या टणक गाठी येतात. तो सख्खा नसला तरी चुलत विकार आहे. आफ्रिकी केसाला फेड कापताना कारागिराने मागे थोडी लांबी सोडावी.

पावडर, मलम आणि मेडिकलचं काउंटर

पात्याऐवजी रसायनाने केस विरघळवायचा मार्ग फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत व्रणाभोवतीचे केस काढण्यासाठी शंखचूर्ण आणि हरताळ यांचा लेप सांगितला आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग, तेव्हा तो प्रयोग ग्रंथातच राहू द्यावा. आजच्या क्रीममध्ये कॅल्शियम थायोग्लायकोलेट असतं आणि पावडरींमध्ये बेरियम सल्फाइड. दोन्ही केसातल्या केराटिनचे बंध तोडतात. केस कापला न जाता मऊ पडून तुटतो, त्यामुळे त्याला सुईसारखं टोक येत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरांत ‘मॅजिक शेव्हिंग पावडर’ पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, ती यामुळेच.

तक्रार दोन बाजूंनी आहे. नासक्या अंड्याचा वास ही एक. दुसरी गंभीर: केसातलं केराटिन तोडणारं रसायन कातडीतल्या केराटिनलाही सोडत नाही. मिनिटभर जास्त राहिलं की भाजतं, आणि सावळ्या-काळ्या कातडीवर भाजल्याचा डाग महिनोन्‌महिने जात नाही. आपल्याकडे मिळणारी बरीच क्रीमं हातापायांसाठी असतात. चेहऱ्यावर चालतं असं वेष्टनावर लिहिलेलं असेल तरच, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहूनच ती वापरावीत. दोन वेळांमध्ये काही दिवस जाऊ द्यावे लागतात.

औषधांमध्ये मतभेद कमी आहेत. रात्री लावायचं ट्रेटिनॉइन छिद्राच्या तोंडाशी साचलेला मृत थर पातळ करतं. १९७३ मध्ये क्लिगमन आणि मिल्स यांनी त्याचा या विकारावर वापर नोंदवला. ग्लायकोलिक आम्लाचं लोशन जवळपास हेच काम करतं, आणि ते लावून दाढी चालू ठेवता येते असं १९९० च्या दशकातल्या चाचण्यांत दिसलं. पू धरणाऱ्या पुळ्यांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड आणि क्लिंडामायसिन यांचं मिश्रण २००४ च्या सुमारास तपासलं गेलं आणि उपयोगी ठरलं. यातलं एकही औषध केसाचं वळण बदलत नाही. लावणं थांबलं आणि घोटून दाढी सुरू राहिली की पुळ्या परत येतात.

आपल्याकडचा मोठा घोटाळा स्टेरॉइड मलमांचा आहे. सौम्य स्टेरॉइड चार-पाच दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने लावलं तर सूज उतरते, हे सगळे मान्य करतात. पण काउंटरवरून ‘तीनही कामं करणारी’ ट्यूब घ्यायची, त्यात तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र, आणि ती दाढीनंतर रोज चोळायची, अशी सवय पुष्कळांना लागलेली असते. पहिल्या आठवड्यात चेहरा स्वच्छ होतो. काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल पडते, केसाळ होते, मुरुमं फुटतात, आणि मलम सोडलं की आग होते. भारतीय त्वचातज्ज्ञांनी या ‘स्टेरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्या’वर बरंच लिहिलं, सरकारकडे पाठपुरावा केला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काउंटरवरचा व्यवहार कागदाएवढा बदललेला नाही.

दाढीच्या जागेवर खरंच बुरशी होऊ शकते, पावसाळ्यात ताम्हिणीच्या दमट हवेत तर जास्तच. तिथे स्टेरॉइड लावलं की ती पसरते. म्हणून नुसत्या नजरेने निदान करून ट्यूब देणं हा धोका आहे. पुळीत वळलेला केस भिंगाखाली दिसला की निदान झालं. तो केस काढायची पद्धतही सोपी आहे: निर्जंतुक सुईने कमानीखालून टोक अलगद सोडवायचं आणि तिथेच थांबायचं. चिमट्याने मुळासकट उपटला की नवा केस वाढताना पुन्हा भिंत फोडतो. थ्रेडिंग आणि वॅक्सिंगनंतर हनुवटीवर पुळ्या येणाऱ्या बायकांचंही गणित हेच.

लेझरचा हिशेब

ज्या मुळातून केस येतो ते मूळच जाळलं तर प्रश्न संपतो, हा लेझरचा सरळ युक्तिवाद. लेझर केसातल्या मेलॅनिनला तापवतो. अडचण अशी की मेलॅनिन काळ्या कातडीतही भरपूर असतं. गोऱ्या कातडीवर काळ्या केसासाठी बनवलेला ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेझर सावळ्या-काळ्या गालावर वापरला तर कातडीच भाजते. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर खोल जातो आणि वरच्या थरातल्या मेलॅनिनमध्ये कमी शोषला जातो, म्हणून गडद कातडीसाठी तो सुरक्षित मानतात. २००२ मध्ये या लेझरची गडद कातडीच्या, पुळ्यांनी हैराण झालेल्या पुरुषांवर चाचणी झाली आणि पुळ्या लक्षणीय कमी झाल्याचं नोंदलं गेलं. आपल्याकडचे बहुतेक लोक सावळ्या-गव्हाळ कातडीचे, तेव्हा हा तपशील आफ्रिकी विद्यार्थ्याइतकाच मुळशीकरालाही लागू आहे.

बाजूने बोलणारे म्हणतात, दीर्घकाळ टिकणारा उपाय हाच. सावधगिरीचा सल्ला देणारे तीन गोष्टी पुढे करतात. महिना-दीड महिन्याच्या अंतराने अनेक बैठका लागतात आणि खर्च मोठा असतो. यंत्र बरोबर असून हाताळणारा अडाणी असेल तर डाग पडतात. ‘लेझर’ म्हणून पाटी लावलेल्या पार्लरमध्ये नेमकं कोणतं यंत्र आहे, हे विचारणारं गिऱ्हाईक विरळा. आणि तिसरी, वैद्यकाबाहेरची: बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी गळ्यावरचे केस कायमचे विरळ केले आणि तिशीत दाढी राखावीशी वाटली तर काय?

दाढीच न करणं

हा विकार शंभर टक्के टाळायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, आणि तो फुकट आहे. दाढी न करणं. पुळ्या उठलेल्या असतील तर किमान चार आठवडे वस्तरा लावू नका, असं जुनीनवी सगळी पुस्तकं सांगतात. दाढीचा केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्यात सुमारे एक सेंटिमीटर. तेवढी लांबी झाली की केस स्वतःच्या ताणाने स्प्रिंगसारखा उसळून टोक बाहेर काढतो.

आपल्याकडे हा उपचार पंचांगात बसलेला आहे. श्रावण पाळणारा माणूस आषाढी अमावास्येला दाढी करतो आणि मग पिठोरी अमावास्येपर्यंत वस्तऱ्याला शिवत नाही. एकोणतीस-तीस दिवस, पुस्तकात सांगितलेल्या विश्रांतीपेक्षा एक-दोन दिवस जास्तच. हेतू व्रताचा आहे, त्वचेचा नाही, आणि त्यात कुठलं प्राचीन विज्ञान शोधायची मला हौस नाही. पण परिणाम तोच होतो. पहिल्या आठ-दहा दिवसांत खाज वाढते, कारण अर्धवट वाढलेले केस त्याच काळात वळून आत शिरतात. पुष्कळजण नेमके इथेच कंटाळून वस्तरा उचलतात. व्रत असलं की तो उचलता येत नाही, एवढा फायदा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळा निवतो. मग श्रावण संपल्या दिवशी सलूनमध्ये रांग लागते, ‘एकदम क्लीन’ अशी फर्माईश होते, उलटा हात फिरतो आणि काही दिवसांत पुळ्या हजर.

एरवीही दाढी राखायला आता पूर्वीइतकी अडचण नाही. दहाएक वर्षांपूर्वी क्रिकेटपटूंपासून सुरू झालेली दाढीची फॅशन गावोगावी पोचली, आणि मावळ-मुळशीत तर महाराजांसारखी राखलेली दाढी हा अभिमानाचा विषय आहे. सुट्टीत गावात ताठ मानेने दाढी मिरवणारा मुलगा सोमवारी गार्डच्या गणवेशात गळ्यावर पुळ्या घेऊन हिंजवडीच्या फाटकावर उभा असतो, ते गणवेशाच्या नियमामुळे.

नियम कुणाचा

त्यामुळे प्रश्न त्वचेकडून नियमाकडे सरकतो, आणि या बाबतीत सगळ्यात जास्त भांडण झालंय ते अमेरिकेत. १९७० च्या दशकातच तिथल्या लष्करी डॉक्टरांनी या विकाराला वैद्यकीय, प्रशासकीय आणि सामाजिक प्रश्न म्हटलं होतं. सैनिकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दाढीची सवलत मिळू लागली. २०२० मध्ये अमेरिकी हवाई दलाने सवलतीची मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवली. २०२५ मध्ये वारं उलटलं: वर्षभराहून अधिक काळ सवलत लागणाऱ्या सैनिकाला सेवेतून काढण्याचा विचार व्हावा, असं धोरण तिथल्या संरक्षण खात्याने जाहीर केलं. बाजू घेणारे म्हणतात, विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला हवा आणि गणवेश सर्वांना सारखा हवा. विरोधक म्हणतात, नियम सर्वांना सारखा दिसतो पण त्याचा चटका एकाच वंशाच्या गालाला बसतो.

नागरी नोकऱ्यांत तिथल्या न्यायालयांनी दोन वाटा धरल्या. नेब्रास्कातल्या एका पिझ्झा दुकानाने दाढी न काढणाऱ्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याला काढून टाकलं; १९९३ मध्ये अपील न्यायालयाने गिऱ्हाइकांच्या पसंतीचा बचाव अमान्य केला आणि या विकाराच्या माणसांना सूट द्यायला सांगितलं. त्याच वर्षी अटलांटाच्या अग्निशामकांच्या खटल्यात दुसऱ्या अपील न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली, कारण तिथे धुरात जीव वाचवणारा मुखवटा होता. मला ही दोन निकालांची जोडी न्याय्य वाटते. दाढीचा नियम जीव वाचवतो की नुसता नीटनेटकेपणा दाखवतो, हे आधी तपासायचं.

भारतात दाढीवरचे गाजलेले खटले धर्माच्या अंगाने गेले. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातल्या मुस्लिम जवानाची दाढीची मागणी शिस्त आणि एकसारखेपणाच्या कारणावरून नाकारली. नौदलात परवानगीने दाढी राखता येते, शीख सैनिकांना सर्वत्र मुभा आहे. त्वचेच्या कारणाने सूट हवी असेल तर माणूस वरिष्ठाच्या मर्जीवर असतो. खासगी सुरक्षा एजन्सीत डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून एक मिलिमीटरचा खुंट मंजूर करून घेणं अवघड असायचं कारण नाही. पण चिठ्ठी मागायची असते हेच कुणाला सुचत नाही, आणि एक दिवसाचा पगार घालवून त्वचातज्ज्ञाकडे जावं लागतं. लवळ्याला सिम्बायोसिसचं रुग्णालय झाल्यापासून ते अंतर तरी कमी झालं आहे.

ठरायचं राहिलेलं

एक पातं विरुद्ध अनेक पाती हा वाद मोकळा आहे, आणि तो मिटवायला महाग यंत्रं लागत नाहीत. गालाच्या डाव्या बाजूला एक पातं, उजव्या बाजूला तीन, बाकी सगळं सारखं, बारा आठवडे, आणि ठरावीक दिवशी फोटो. एकाच माणसाच्या दोन गालांची तुलना असल्याने वय, केस, जनुकं यांचा फरक आपोआप गळून पडतो. रोज की दिवसाआड, याचाही निकाल असाच लावता येईल. पुरावा अमेरिकी चेहऱ्यांवरचा आहे; भारतीय कुरळ्या दाढीवर, सलूनच्या अर्ध्या ब्लेडने, जड पाण्यात काय होतं हे त्यातून थेट कळत नाही. एकाच वर्गात आफ्रिकी आणि मराठी केस शेजारी बसलेले सापडतील असं ठिकाण शोधायला लवळ्याच्या पलीकडे जावं लागणार नाही.

अशा चाचणीची सगळ्यात कटकटीची पायरी सुरुवातीची असते. भाग घेणाऱ्या प्रत्येकाने महिनाभर दाढी थांबवून गळा निवळू द्यायचा असतो, आणि तिथेच बरेच जण गळतात. पिठोरी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी नावनोंदणी सुरू केली तर मुळशीतल्या सलूनबाहेरच्या रांगेत ही पायरी पार केलेली माणसं तयार उभी असतील. कारागिराने वस्तरा लावण्याआधी त्यांचा पहिला फोटो काढून घ्यावा लागेल, एवढंच.